मलाक्का डचांनी जिंकलं, पण व्यापार हाती लागला का?

गलबतवाला

१४ जानेवारी १६४१ रोजी आजच्या मलेशियातल्या मलाक्काच्या किल्ल्यावरचं पोर्तुगीज निशाण उतरलं आणि डच ईस्ट इंडिया कंपनीचं चढलं. पोर्तुगीज, डच, इंग्रज, फ्रेंच ही नावं आपण शाळेत ओळीनं पाठ केलेली असतात. पण एखादं बंदर एका युरोपीय सत्तेच्या हातून दुसरीच्या हातात गेलं की तिथल्या गोदीचं, बाजाराचं आणि माणसांचं काय होतं, हे त्या धड्यात कुठंच येत नाही. गेले काही महिने मलाक्काबद्दल वाचतो आहे आणि माझं मत आता पक्कं झालं आहे. डचांना हे बंदर भरभराटीला आणायचंच नव्हतं. ते दुसऱ्या कुणाच्या कामी येऊ नये, एवढ्यासाठी त्यांनी ते घेतलं. तुम्हाला काय वाटतं ते सांगा, पण आधी थोडी पार्श्वभूमी.

मलाक्काचं सगळं वैभव वाऱ्यावर उभं होतं. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर गुजरात, मलबार, चोलमंडळ आणि बंगालची जहाजं पूर्वेकडे येत, ईशान्य वाऱ्यावर चीनची जहाजं दक्षिणेला उतरत. परतीचा वारा सुटेपर्यंत प्रत्येकाला कुठंतरी मुक्काम ठोकणं भागच होतं, आणि तो मुक्काम मलाक्कात पडे. पंधराव्या शतकात तिथल्या सुलतानांनी परदेशी व्यापाऱ्यांसाठी चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमले होते. गुजरात्यांचा एक, तमिळ, बंगाली वगैरेंचा एक, जावा आणि मसाल्याच्या बेटांकडच्यांचा एक आणि चिन्यांचा एक. माल तोलायचा कुठं, ठेवायचा कुठं, तंटा झाला तर दाद कुणाकडे मागायची, हे सगळं ठरलेलं. तोमे पिरेस हा पोर्तुगीज औषधविक्रेता १५११ नंतर लगेच तिथं राहिला होता. या बंदरात ८४ भाषा ऐकू येतात असं त्यानं नोंदवलं आहे. गुजराती जहाजांच्या जोडीनं चौल आणि दाभोळचे व्यापारीही तिथं जात असत, म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्याचा माल आणि माणसं दोन्ही त्या गर्दीत होती.

१५११ मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कनं हे शहर जिंकलं. सुलतान महमूद शाह निसटला आणि त्याच्या वंशजांनी पुढे जोहोरचं राज्य उभं केलं. मशिदीचे आणि शाही कबरींचे दगड काढून पोर्तुगीजांनी किल्ला बांधला. मुसलमान व्यापारी मोठ्या संख्येनं अचे, जोहोर आणि बांताम इकडे वळले. म्हणजे मलाक्काचा ऱ्हास डचांच्या आधीच सुरू झाला होता, हे मला मान्य आहे. तरीही १६४० च्या वेढ्याआधी या शहरात २०,००० च्या आसपास लोक राहत होते.

आता त्या वेढ्याविषयी, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते इथं. डचांनी १६०६ मध्येही मलाक्का घ्यायचा प्रयत्न केला होता. कोर्नेलिस मातेलीफनं जोहोरशी तह केला: तटाच्या आतलं शहर डचांचं, बाहेरचा मुलूख जोहोरचा. पण गोव्याहून खुद्द व्हाइसरॉय मार्तिम आफोंसो द कास्त्रो आरमार घेऊन धावून आला आणि वेढा उठला. यातून डचांना कळून चुकलं की गोव्याचं दार उघडं आहे तोवर मलाक्का पडणार नाही. १६३६ पासून त्यांनी दरवर्षी गोव्याची नाकेबंदी सुरू केली. १६३९ मध्ये तर मार्मागोव्यात शिरून पोर्तुगीजांची तीन मोठी गलियन जहाजं जाळली. १६४० च्या उन्हाळ्यात मलाक्काला वेढा पडला तेव्हा गोव्याहून मदत निघणं शक्यच नव्हतं.

या वेळी जोहोरचं आरमार आणि माणसं डचांच्या बाजूनं होती. आत उपासमार, बाहेर ताप आणि हगवण. आतल्या लोकांनी घरातली जनावरंही खाल्ली. डचांचे दोन सेनापती वेढ्यातच आजारानं गेले, शेवटचा हल्ला तिसऱ्यानं केला. पोर्तुगीज गव्हर्नर मानुएल द सौझा कुतिन्यो शरणागतीनंतर काही दिवसांतच मरण पावला. पाहणीसाठी आलेल्या युस्टुस स्हाउतेननं जो अहवाल दिला, त्यानुसार २०,००० च्या वस्तीतली जेमतेम ३,००० माणसं शहरात उरली होती. काही मेली, बाकीची पळाली.

मला सर्वांत बोचणारी गोष्ट पुढची आहे. १ डिसेंबर १६४० रोजी लिस्बनमध्ये उठाव होऊन पोर्तुगाल स्पेनपासून वेगळं झालं. पोर्तुगाल स्पेनच्या राजाखाली आहे, हेच तर डचांच्या वैराचं मोठं कारण होतं. जून १६४१ मध्ये दोघांमध्ये युद्धविराम झालासुद्धा. पण बातमी आफ्रिकेला वळसा घालून यायची, तिला महिनोन्‌महिने लागत. मलाक्कातली शेवटची माणसं उपाशी मरत होती तेव्हा त्यांचा राजाही बदलला होता आणि युद्धाचं कारणही.

आता मुद्दा. कंपनीची राजधानी १६१९ पासून बटाव्हिया, म्हणजे आजचं जकार्ता, होती. शिवाय १६११ मध्ये हेन्ड्रिक ब्राउअरनं नवा मार्ग काढला होता: केप ऑफ गुड होपवरून दक्षिणेच्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांवर सरळ पूर्वेला जायचं आणि मग उत्तरेला वळून जावा-सुमात्रामधल्या सुंदा सामुद्रधुनीत शिरायचं. हॉलंडहून येणाऱ्या जहाजांना मलाक्काची गरजच उरली नाही. मग मलाक्का कशाला? तर मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या आशियाई जहाजांना तिथं थांबवायला, परवाना घ्यायला लावायला, जकात वसूल करायला आणि पेराक, केदाहकडच्या कथिलाचा मक्ता राखायला. मसाले आणि कापडाचा मोठा व्यवहार बटाव्हियातच व्हावा, असा कंपनीचा आग्रह होता. मलाक्काच्या गव्हर्नरांनी बंदराला सवलती मागितल्या की बटाव्हियाचा हात आखडायचा. जिथं लोक आपणहून येत, तिथं आता तोफा दाखवून त्यांना आणावं लागत होतं.

किनारपट्टी

फार आवडलं. गोव्याच्या नाकेबंदीत आमच्या वेंगुर्ल्याचा थेट हात आहे, तेवढी भर घालते. गोव्यासमोर महिनोन्‌महिने नांगर टाकून बसणाऱ्या जहाजांना पाणी, तांदूळ, मांस, लाकूड हे सगळं जवळ कुठंतरी मिळायला हवं. १६३७ मध्ये योहान फान त्विस्त नावाचा डच वकील विजापूरला आदिलशहाच्या दरबारी गेला आणि वेंगुर्ल्यात वखार घालायची परवानगी मिळवून आला. आदिलशाहीलाही पोर्तुगीज डोईजड झाले होतेच. पुढची काही वर्षं नाकेबंदीचं आरमार या वखारीच्या जिवावर तग धरून राहिलं.

आणि हाच फान त्विस्त १६४१ मध्ये मलाक्काचा पहिला डच गव्हर्नर झाला! वेंगुर्ल्याच्या वखारीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. लोक सागरेश्वरचा किनारा बघून परततात, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. त्या भिंतींचा संबंध थेट मलाक्काच्या पाडावाशी आहे हे तिथल्या शाळेतल्या मुलांना सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

नीलमोहर

मी मलाक्काला जाऊन आले आहे. डच चौकातला तो लाल स्टाडहाउस, शेजारचं लाल ख्राइस्ट चर्च, फुलांनी सजवलेल्या सायकलरिक्षा. स्टाडहाउस म्हणजे डच गव्हर्नरांचं निवासस्थान आणि कचेरी, सतराव्या शतकाच्या मध्यावरचं. आता तिथं संग्रहालय आहे. चर्चचं काम १७४१ मध्ये, डच विजयाला शंभर वर्षं झाली म्हणून सुरू केलं आणि १७५३ मध्ये पुरं झालं. छताच्या तुळया प्रत्येकी एकाच अखंड झाडाच्या आहेत, सांधा नाही. लाल रंग मात्र डचांचा नव्हे. त्यांच्या काळी या इमारती पांढऱ्या होत्या, लाल रंग इंग्रजी अमलात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला.

पण तुमच्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. नदीपलीकडे एका रांगेत चिनी मंदिर, मशीद आणि विनायकाचं देऊळ आहे. काम्पुंग क्लिंगची मशीद मुळात १७४८ ची. देऊळ १७८१ चं, तिथल्या चेट्टी समाजाच्या थैवनायगम चेट्टी यांनी डचांनी दिलेल्या जागेवर बांधलेलं. काम्पुंग हुलूची मशीद त्याहून जुनी, १७२८ ची. ही सगळी डच अमलातली बांधकामं आहेत. शहर मेलेलं असतं तर एवढी देवळं-मशिदी कुणी बांधल्या? आणि राज्यकर्ते इतके वाईट असते तर बांधू दिल्या असत्या का?

ताम्रपट

नीलमोहर यांच्याशी निम्मा सहमत. मलाक्काचा डच काळ म्हणजे नुसता ऱ्हास, हे चित्र आता इतिहासकार जसंच्या तसं मानत नाहीत. बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक होडीची नोंद कंपनी ठेवायची. अठराव्या शतकातल्या त्या याद्यांत मलय, चिनी, बुगी (सुलावेसी बेटाकडचे दर्यावर्दी), चुलिया म्हणजे तमिळ मुसलमान नाखुद्यांची, इंग्रज खासगी व्यापाऱ्यांची बरीच जहाजं दिसतात. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, वेत, कथील, कापड. प्रत्येक खेपेचा माल थोडा, पण खेपा भरपूर. कंपनीच्या नफ्या-तोट्याकडेच पाहिलं तर हे सगळं नजरेतून सुटतं.

वस्तीचा एक भक्कम आकडाही देतो. गव्हर्नर बाल्थासार बोर्टनं १६७८ मध्ये शिरगणती केली, ती उपलब्ध आहे. एकूण ४,८८४ माणसं. त्यांत डच फक्त १४५. पोर्तुगीज वंशाचे आणि मिश्रवंशीय १,४६९, म्हणजे गुलाम सोडले तर हरलेले लोकच सगळ्यात जास्त! मलय ५८८, भारतीय मुसलमान आणि हिंदू मिळून ५४७, चिनी ४२६, बुगी १०२. आणि गुलाम १,६०७.

मिरीदाणा

चार हजार आठशेंमध्ये सोळाशे गुलाम?? म्हणजे दर तीन माणसांत एक. हे लोक कुठून आणले?

ताम्रपट

बरेचसे द्वीपसमूहातूनच, सुलावेसी, बाली वगैरे भागांतून. पण कंपनीच्या आशियातल्या गुलामांच्या बाजारात भारतातली माणसंही मोठ्या संख्येनं होती: चोलमंडळ किनारा, बंगाल, आराकान, मलबार. चोलमंडळात दुष्काळ पडला की कंपनीची जहाजं माणसं विकत घेऊन पूर्वेकडे नेत. भुकेपोटी आईबाप मुलं विकत.

इथं एक नोंद आपल्या इतिहासातली आहे. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, ऑगस्ट १६७७ मध्ये, शिवाजी महाराजांनी जिंजीकडच्या मुलखातल्या व्यापारासाठी डचांना कौल दिला. त्यात स्पष्ट बजावलं आहे की आधीच्या अमलात तुम्हाला इथून स्त्री-पुरुष गुलाम विकत घेऊन नेण्याची मुभा होती, ती आता मिळणार नाही. असा प्रयत्न केलात तर माझी माणसं तो हाणून पाडतील. मलाक्कात १,६०७ गुलाम मोजले गेले त्याच्या जेमतेम वर्षभर आधीचा हा दस्तऐवज आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत अशी माझी विनंती आहे. ‘त्या काळी सगळेच तसं करत’ हे वाक्य पुन्हा तोंडातून निघणार नाही.

मिरीदाणा

अंगावर काटा आला. धन्यवाद, ताम्रपट.

गलबतवाला

किनारपट्टी, फान त्विस्तची भर अमूल्य आहे.

नीलमोहर, त्या देवळा-मशिदींबद्दल. बांधू दिल्या हे खरं, पण कारण बघा. वेढ्यानं शहर ओस पाडलं होतं. चिनी, तमिळ, मलय माणसं आल्याशिवाय भाजी पिकणार नव्हती की जकात मिळणार नव्हती. प्रत्येक समाजाला त्यांचाच एक ‘कपितान’ नेमून दिला, त्यानं आपल्या लोकांचे तंटे सोडवायचे आणि कंपनीला उत्तर द्यायचं. ही मूळ पद्धत सुलतानांच्या काळापासूनची. डचांनी ती सोयीची म्हणून चालू ठेवली.

आणि हे औदार्य ज्यांच्या वाट्याला आलं नाही ते कॅथलिक. पाद्री हाकलले, उघड प्रार्थना बंद. टेकडीवरचं सेंट पॉल चर्च डचांनी स्वतःच्या पंथासाठी घेतलं, आणि पुढे ख्राइस्ट चर्च झाल्यावर तिथं दफनभूमी केली. गोव्यात आज ज्यांचं शव बॉम जेझूमध्ये आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळ वारल्यावर १५५३ मध्ये आधी याच टेकडीवरच्या चर्चमध्ये पुरले गेले होते, तिथून त्यांना गोव्याला नेलं. कॅथलिकांसाठी ती जागा किती पवित्र असेल ते पाहा! तरीही तिथले पोर्तुगीज वंशाचे ख्रिस्तांग लोक आपला धर्म आणि बोली धरून राहिले. १७१० मध्ये शहराबाहेर सेंट पीटर चर्च उभं राहिलं, ते आजही चालू आहे. म्हणजे चिनी देवळाची कंपनीला भीती नव्हती, गोव्याशी नातं असलेल्या चर्चची होती. मला याला सहिष्णुता म्हणवत नाही.

ताम्रपट, लहान होड्यांचा व्यापार होता याबद्दल वाद नाही. माझं म्हणणं लांब पल्ल्याच्या व्यापाराबद्दल आहे. सुरतेचं उदाहरण घ्या. भारतीय मुसलमान व्यापाऱ्यांनी थेट अचे आणि पेराकला जाऊन कथील घेऊ नये म्हणून कंपनीनं सुरतेत परवाने अडवले. १६४८ मध्ये चिडलेल्या लोकांनी तिथल्या डच वखारीवर हल्ला करून ती लुटली. १६४९ मध्ये डचांनी उलट मोगलांची जहाजं धरली. परवाना नावाच्या कागदावरून दोन हजार मैलांवर रक्त सांडत होतं. पांगकोर बेटावर १६७० मध्ये किल्ला बांधला, पेराकचं कथील दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून. १६९० मध्ये स्थानिकांनी तो उद्ध्वस्त केला. कंपनी ठरवून कमी भाव देणार आणि शेजारी जास्त देणारा गिऱ्हाईक उभा, मग कथील चोरवाटेनं जाणारच.

सुंदाकाठ

गलबतवाला यांच्या बाजूनं सगळ्यात मोठा पुरावा अजून कुणी मांडला नाही. तो म्हणजे रिआउ.

डचांनी १६६०च्या दशकात सुलावेसीवरचं मकासर मोडलं, १६६७ चा बोंगाया तह लादला. तिथले बुगी लोक पांगले, जहाजं घेऊन पश्चिमेला आले. अठराव्या शतकात त्यांनी जोहोरच्या दरबारात पाय रोवले आणि सिंगापूरच्या दक्षिणेला बिंतान बेटावरचं रिआउ बंदर नावारूपाला आणलं. तिथं चिनी जहाजं येत, बंगालहून अफू आणि कापड घेऊन इंग्रज येत, बुगी लोक मसाले आणि कथील आणत. चिनी मजुरांनी गँबियर या कातडी कमावायला लागणाऱ्या झुडपाच्या बागा लावल्या. मलाक्कात जे सुलतानांच्या वेळी घडत होतं, तेच रिआउत घडू लागलं, आणि मलाक्का नुसतं बघत राहिलं. शेवटी १७८४ मध्ये भडका उडाला. बुगींचा नेता राजा हाजी यानं मलाक्कालाच वेढा घातला. महिनोन्‌महिने शहर कोंडलं गेलं. हॉलंडहून आलेल्या फान ब्रामच्या आरमारानं वेढा फोडला, जूनमध्ये तलुक कतापांगच्या लढाईत राजा हाजी मारला गेला. इंडोनेशियात तो आज राष्ट्रीय वीर आहे, तांजुंग पिनांगच्या विमानतळाला त्याचं नाव आहे.

त्याच वर्षी डचांनी रिआउ ताब्यात घेतलं. मग व्यापार मलाक्कात परतला का? नाही. १७८६ मध्ये इंग्रजांनी पिनांग बसवलं, बरीच गलबतं तिकडे गेली. १८१९ मध्ये सिंगापूर जकातमुक्त बंदर म्हणून जाहीर झालं आणि उरलंसुरलं तिथं गेलं.

नीलमोहर

रिआउचा मुद्दा पटला. देवळांबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. हेतू काहीही असो, त्या चेट्टी कुटुंबांना पूजा करायला हक्काची जागा मिळाली, आणि अडीचशे वर्षांनंतरही तिथं पूजा होते. त्यांच्या दृष्टीनं हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. तमिळ बोली बहुतेक हरवली, घरात मलय बोलतात, पण देवळातले सण सुटले नाहीत. इतिहास लिहिताना त्यांनाही विचारावं.

मिरीदाणा

एक राहिलं. मलाक्का शेवटी इंग्रजांकडे गेलं कसं? लढाई झाली का?

ताम्रपट

मोठी लढाई नाही. १७९५ मध्ये फ्रेंचांनी हॉलंड व्यापलं, तिथला सत्ताधीश पाचवा विल्यम इंग्लंडला पळाला आणि तिथून त्यानं डच वसाहतींना पत्रं धाडली की किल्ले इंग्रजांच्या हवाली करा. त्याच वर्षी मलाक्का इंग्रजांकडे गेलं. ते कधीतरी परत द्यावं लागेल हे इंग्रजांना ठाऊक होतं, म्हणून १८०७ मध्ये त्यांनी किल्ला सुरुंग लावून उडवायला घेतला. आज जी एकच वेस उभी दिसते तिच्यावर डच कंपनीचं चिन्ह आणि १६७० हे साल कोरलेलं आहे, कारण पोर्तुगीज किल्ल्याची डागडुजी डचांनी केली होती. १८१८ मध्ये शहर डचांना परत मिळालं, आणि १८२४ च्या लंडन तहानं कायमचं इंग्रजांना. बदल्यात डचांना सुमात्रातलं बेंकुलेन मिळालं. त्याच तहात त्यांनी भारतातली ठाणीही सोडली, त्यांत सुरत आणि भडोचच्या वखारीही आल्या.

एक शेपूट मात्र राहिलं. मलाक्कालगतच्या नानिंग मुलखावर डचांनी १६४१ च्या करारानं पिकाचा दशमांश लादला होता. वसुली जमेना तेव्हा ते नाममात्र धान्यावर समाधान मानू लागले. इंग्रजांनी तो जुना कागद बाहेर काढून पूर्ण दशमांश मागितला. नानिंगचा प्रमुख दोल सईद यानं नकार दिला. १८३१ ची इंग्रजांची मोहीम सपशेल फसली, १८३२ मध्ये मोठी फौज पाठवून त्यांनी मुलूख घेतला. दोल सईदला नंतर मलाक्कात घर आणि पेन्शन देऊन ठेवलं.

गलबतवाला

नानिंगबद्दल इतक्या तपशिलानं मला माहीत नव्हतं, फार आभार. सुंदाकाठ, रिआउवर तुम्ही स्वतंत्र धागा काढावा, मकासरपासून सुरुवात करून. किनारपट्टी, वेंगुर्ल्याच्या वखारीचे फोटो असतील तर इथंच टाका. आतल्या खोल्यांचे आणि समुद्राकडच्या बाजूचे असतील तर फारच उत्तम.